आबांच्या डबीतली घंटी

पक्षाघाताने आबांचं बोलणं गेलं आणि उजवी बाजूही. डाव्या हाताची दोन बोटं तेवढी चालत. भातलावणीत आई खाचरात, मी तळेगावच्या कंपनीत, आणि आबा खाटेवर ओल्यात पडलेले. किती वेळचे तसे पडलेत ते कळायचं नाही. वडिलांना असं पाहून मला रडू यायचं आणि रागही.

म्हणून घंटी करायला घेतली. आबांनी नुसतं बोट टेकवलं की आईच्या कमरेला खोचलेली घंटी वाजावी. विकतच्या घंटीचं बटण त्यांना दाबवेना आणि ती खाचरापर्यंत पोचेना. आबांच्या मुठीला सवय तंबाखूच्या प्लास्टिकच्या डबीची, तेव्हा सगळं त्या डबीतच बसवायचं ठरलं. जागा एवढीशी, त्यामुळे सर्किट बोर्डच्या दोन्ही बाजूंना तांब्याच्या रेषा काढाव्या लागल्या. छापील कागदावर इस्त्री फिरवून रेषांची नक्षी तांब्यावर उतरवली, नको ते तांबं रसायनात विरघळवलं, भोकं पाडली. इथवर ठीक. पण कारखान्यातल्या बोर्डच्या भोकांना आतून तांब्याचा मुलामा असतो, त्यातून वीज वरून खाली जाते; घरच्या भोकांना कुठला? वरची रेष आणि खालची रेष, एका घरातल्या जावांचा अबोला.

त्यासाठी बारीक पितळी रिव्हेट मिळतात, पण ते ठोकायचं हत्यार परवडणारं नव्हतं. स्वस्तातला उपाय म्हणजे जुन्या वायरीतली केसाएवढी तार भोकातून ओवायची आणि दोन्ही तोंडांना सोल्डरचा डाग द्यायचा. माझ्या हातून तार सारखी निसटे. मी चिडून बोर्ड आपटला. शेजारी आई गोधडी शिवत होती. तिने बोर्ड ओढून घेतला, बारीक सुईत तार ओवली आणि सगळ्या भोकांतून सरळ धावदोरा घातला. मी दोन्हीकडून डाग दिले आणि भोकाभोकांमधली तार कापत गेलो. तरी घंटी वाजेना. बघतो तर गोधडीच्या सवयीने आईने शेवटचा टाका उलटा फिरवून पक्का केलेला, शेजारची दोन भोकं त्या तारेने एकमेकांना जोडली गेलेली.

"न्हाई तर उसवंल की," ती म्हणाली.

तो टाका कापला आणि घंटी वाजली. आबा अर्ध्या तोंडाने हसले. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं, खोटं कशाला सांगू.

आठवडाभर बरं चाललं, मग घंटी मुकी झाली. माझ्या बोटाला वाजे, पण मी कामाला गेलो की दिवसभर आवाज नाही. आबा पुन्हा ओले सापडू लागले. आमच्या बेडसे गावात पावसाळ्यात काडेपेटीसुद्धा सादळते, तेव्हा मी ओलीला दोष दिला, डागांना दिला, आईच्या टाक्यांनाही दिला. मीटर लावला तर प्रत्येक भोक चोख. तरी सगळे डाग उकरून नवी तार घातली. दोन ठिकाणी तांबंच उचकटलं, ते कसंबसं जोडलं. घंटी मुकी ती मुकीच.

रविवारी आई खाचरात असताना आबांच्या हातातल्या डबीवर मीच बोट टेकवलं. खिडकीतून दिसलं, खाली आई दचकली आणि हातातली रोपं टाकून निघाली. बांधावर गुडघा धरून थांबली. चिखलात पाय घसरला, हात टेकून उठली, पुन्हा निघाली. आबा हे सगळं बघत होते. त्यांना शेत दिसावं म्हणून खाट खिडकीशी मीच लावली होती.

घंटी बिघडलीच नव्हती. आबा वाजवत नव्हते.

त्यांनी दोन बोटांनी डबी हळूहळू कडेला ढकलली. ती खाली पडली. खाट भिंतीकडे फिरवली तर त्यांचं शेत जातं, राहू दिली तर हे असं. याला कुठली तार ओवायची?

आई धापा टाकत दारात आली. "काय पायजे त्यांना?"

काही नको, मीच बघत होतो, असं मी म्हणालो. तरी तिने आबांच्या अंगाखाली हात घालून पाहिला. अंथरूण ओलं होतं.