अर्ध्या मापाची भिंत

तारीख एक फेब्रुवारी, शनिवार. ठरलेली रक्कम सात हजार दोनशे रुपये, म्हणजे आठ दिवसांची मजुरी, रोज नऊशे. ठरवताना हजर चौघं: संशोधन करणाऱ्या मॅडम, त्यांचे मार्गदर्शक सर, मी आणि माझे वडील. काम एका भिंतीचं. भिंत बांधायची, वाळायला ठेवायची आणि मग हलवून पाडायची.

मी एका इंजिनिअरिंग कॉलेजात प्रयोगशाळा सहायक आहे. सव्वीस वर्षं सिमेंटचे ठोकळे दाबून फोडले, सळ्या ताणून तोडल्या आणि आकडे लिहिले. आमच्याकडे एक शेक टेबल आहे. लोखंडी मंच, खाली यंत्र. यंत्र सुरू केलं की मंच भूकंपासारखा हलतो. किती जोरानं हलवायचा याच्या आम्ही दहा पातळ्या ठरवल्या होत्या.

मॅडमचा विषय मराठवाड्यातली जुनी घरं. दगड-मातीच्या जाड भिंती, वर मातीचं जड माळवद. अशी घरं गावोगावी अजून वापरात आहेत. मॅडमनी भिंतीतला एकेक दगड संगणकात मांडला होता आणि कितव्या पातळीला भिंत फुटेल हे त्यांचा संगणक सांगत होता. उत्तर आलं पाचवी. ते खरं आहे का, हे तपासायला मंचावर खरी भिंत लागणार होती. अर्ध्या मापाची, पण गावात बांधायचे तशीच. हा आकडा पुढं अहवालात जाणार होता. कुठल्या गावातली घरं आधी मजबूत करायची, हे त्यावरून ठरणार होतं.

दगड पैठण रस्त्यावरच्या एका पाडलेल्या घराचे मिळाले. माती पांढरीची, म्हणजे जुन्या गावठाणातली, आणली. गवंडी मिळेना. आजचे गवंडी विटा आणि सिमेंटचे. मातीच्या गाऱ्यात दगड बसवणारा कुणी राहिलेला नाही. मी म्हणालो, "आमचे आबा करतील."

हे मी म्हणालो, हे इथं लिहून ठेवतो.

आबा, म्हणजे माझे वडील, चौऱ्याहत्तर वर्षांचे, जन्मभर गवंडी. आमचं मूळ गाव त्र्याण्णवच्या भूकंपात गेलं. तेव्हा मी सतरा वर्षांचा, याच शहरात आयटीआयच्या होस्टेलवर. आबा अंगणात झोपले होते, आई आणि माझी बहीण आत. आईला बाहेर काढता आलं. बहीण सात वर्षांची होती, भिंत तिच्यावर आली. ते घर आबांनी स्वतः बांधलेलं. पुढं आम्ही हर्सूलला दोन खोल्या घेतल्या. आई गेली, तोवर आणि त्यानंतरही आमच्या घरात या विषयावर एकच वाक्य बोललं जायचं: त्या दिवशी कुणाचंच घर राहिलं नाही. ते वाक्य आबांचं होतं. मी ते कधी तपासलं नाही.

मी विचारलं तेव्हा आबा खूश झाले. बारा वर्षांनी हातात थापी येणार होती. पहिल्याच दिवशी त्यांनी गाऱ्यात पाय घातला आणि मॅडमना म्हणाले, "मॅडम, तुमच्या त्या कंप्युटरला म्हणावं, ये, जरा गारा तुडव."

"त्याला पाय नाहीत, आबा."

"मंग भिंत कशी कळायची त्याला?"

मॅडम हसल्या. त्यांनी कागदावर भिंत काढून दाखवली. बाहेरच्या दगडांची एक रांग, आतल्या दगडांची एक, मध्ये दगडाच्या बारीक चिपा आणि माती. भिंतीच्या या तोंडापासून त्या तोंडापर्यंत जाणारा, दोन्ही रांगा बांधून ठेवणारा लांब दगड एकही नको. "गावात बहुतेक घरांत तो नसायचाच ना? मला तीच भिंत हवीय."

"व्हय," आबा म्हणाले. "तसलीच बांधतो."

आठ दिवस मी माझ्या कामात होतो. जाता-येता बघत होतो, पण थर मोजले नाहीत. भिंत मोजली पाहिजे हे मला माहीत होतं. बांधणारे आबा होते म्हणून मोजली नाही.

महिनाभर वाळल्यावर मार्चमध्ये चाचणी झाली. पाचव्या पातळीला भिंतीला काही झालं नाही. सहाव्याला बारीक भेग गेली. आठव्याला एक कोपरा सुटला, पण भिंत उभी. आबा दाराशी खुर्चीवर बसले होते. उठून म्हणाले, "चला. घरी जाऊ. आज नळाला पाणी यायचंय."

पुढचे पंधरा दिवस मॅडम जेवल्या कधी ते मला माहीत नाही. त्यांनी मातीचे ठोकळे पुन्हा करून घेतले, आम्ही ते पुन्हा दाबले. आकडा तोच. संगणक पाच म्हणत होता आणि भिंत आठला उभी राहिली होती. सर म्हणाले, "मातीची ताकद थोडी वाढवून घाल. जुळेल. सगळे करतात."

"मग सर, संगणक म्हणेल गावातली सगळी घरं आठपर्यंत उभी राहतील."

"प्रत्यक्ष राहिली की नाही? भिंतीशी भांडतेस काय?"

भिंत उतरवायचं काम माझं होतं. मी प्रत्येक दगड थराप्रमाणे नंबर घालून उतरवत होतो. तिसऱ्या थरात एक दगड हलेना. दोन्ही बाजूंनी माती काढली तेव्हा दिसलं की तो या तोंडापासून त्या तोंडापर्यंत होता. टोकांना चिपा लावून वरून गारा थापलेला, बाहेरून कळू नये म्हणून. असे एकूण अकरा निघाले. मी ते जमिनीवर ओळीनं मांडले आणि दोनदा मोजले.

घरी आलो. आबा भाजी निवडत होते.

"आबा, अकरा निघाले."

त्यांनी मान वर केली नाही. "बाराच घालायचे होते. एक फुटला."

"का घातले?"

"हात जाईना. नुसती रचायची म्हणलं तर हात जाईना माझा." मग म्हणाले, "कुणाला सांगू नको."

"आकडा चुकीचा जाईल, आबा."

"जाऊ दे की एक आकडा. दुनियेत एवढे चुकीचे आकडे हायेत."

"या आकड्यावर कुणाकुणाची घरं तशीच ठेवतील. भक्कम आहेत म्हणून."

ते मेथीची जुडी संपेपर्यंत निवडत राहिले. मग म्हणाले, "आपल्या घरात किती होते, ठाव हाय का तुला?"

"नाही."

"एक बी नाय. मला ठावकी होतं, घालावं लागतात. माझ्या बापानं शिकवलेलं. पाटलाच्या वाड्याला घातले की मी, हातानं फोडून. पण लांब दगड फोडायला दिस मोडतो. आपल्याला दिवाळीच्या आत घरात जायचं होतं. म्हणलं, आपलंच घर हाय, ऱ्हाईल."

एकतीस वर्षांत हे त्यांनी मला पहिल्यांदा सांगितलं. आईला सांगितलं होतं का, हे मला विचारता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमना अकरा दगड दाखवले. कुणी घातले, का घातले, सगळं सांगितलं. त्या आधी हसल्या, कारण त्यांचा संगणक बरोबर होता. मग माझ्याकडं बघून त्यांचं हसू गेलं. त्यांनी अकरा दगड संगणकात घातले. उत्तर आठ आलं. सरांना मात्र ते पुरेसं नव्हतं. साधी भिंत प्रत्यक्ष पाडून दाखवल्याशिवाय पाच हा आकडा छापता येणार नव्हता. त्यांचं म्हणणं बरोबर होतं.

मी नऊ दिवस गवंडी शोधला. सिल्लोडचा एक जण आला. गारा बघून म्हणाला, "इसमें थोडा सिमेंट तो डालना पडेगा, नाहीतर माझी जबाबदारी नाही." दुसऱ्यानं फोनवरच नाही म्हटलं. दहाव्या दिवशी रात्रीच्या जेवणाला मी आबांना पुन्हा विचारलं. अडचण फक्त मॅडमची नव्हती. सव्वीस वर्षांत मी एकही खोटा आकडा जाऊ दिला नव्हता, आणि आता खरा आकडा माझ्या घरामुळं अडला होता. म्हणून विचारलं. हेही लिहून ठेवतो.

आबा म्हणाले, "तूच सांगायलास व्हय?"

"हो."

"मंग बांधतो."

दुसरी भिंत सहा दिवसांत झाली. या वेळी मी प्रत्येक थर मोजला. ते दगड ठेवायचे, मी बघायचो, वहीत खूण करायचो. मॅडमनी दोनदा चहा विचारला, दोन्ही वेळा आबा नको म्हणाले. चौथ्या दिवशी ढिगातून एक लांब दगड त्यांच्या हातात आला. तो त्यांनी बराच वेळ धरून ठेवला. मग माझ्याकडं दिला आणि म्हणाले, "हा तिकडं ठेव. लांब."

एप्रिलच्या उन्हात भिंत लवकर वाळली. चाचणीला पंचवीस-तीस विद्यार्थी आले होते. आबांनी येऊ नये असं मी म्हणालो होतो, ते आले. चौथ्या पातळीला बाहेरची रांग पोट काढल्यासारखी फुगली. पाचवी पातळी सुरू केली आणि नवव्या सेकंदाला ती रांग पूर्ण खाली आली. आतल्या रांगेला आधार राहिला नाही, तीही तिच्यावर बसली. धूळ उडाली. मागं पडद्यावर मॅडमच्या संगणकातली भिंत लावलेली होती. तीही अशीच फुगली होती, अशीच बसली होती. विद्यार्थ्यांनी टाळ्या वाजवल्या. एकानं शिट्टी मारली.

मॅडमनी हात वर करून त्यांना थांबवलं. थांबायला थोडा वेळ लागला.

आबा सुरक्षेसाठी आखलेल्या पिवळ्या पट्ट्याच्या अलीकडं उभे होते. मला वाटलं ते ढिगाकडं बघतायत, पण ते पडद्याकडं बघत होते. पडद्यावरची भिंत पडून झाली की पहिल्यापासून पुन्हा उभी राहायची आणि पुन्हा पडायची. कुणीतरी ती बंद करायला हवी होती.

"पाचला?" त्यांनी विचारलं.

"पाचला."

"नऊ शेकंद म्हणाल्या मॅडम."

"हो."

"हाक मारायला पण पुरत नाय." थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "आपल्या खोलीला किती लागले असते रे?"

खोली दहा बाय बारा, उंची नऊ फूट. चार फुटांवर एक दगड, दोन फुटांवर एक रांग, अशा चार रांगा. एका रांगेत अकरा. आकडा मला तिथं उभ्या उभ्या आला होता. मी म्हणालो, "हिशोब करावा लागेल."

"चव्वेचाळीस," आबा म्हणाले. "दिसाला अकरा फुटतात. चार दिस."

मॅडम जवळच होत्या. त्यांना खोली कुठली, दिवस कसले, हे ठाऊक होतं, मीच सांगितलेलं होतं. जाऊन त्यांनी पडदा बंद केला.

ढिगारा उचलायला ठेकेदारानं दोन बाया पाठवल्या होत्या. त्यांनी घमेली भरायला घेतली तेव्हा आबा खाली वाकले आणि हातानं दगड उचलायला लागले. वरचे आधी, कडेचे नंतर, एकेक, खाली कुणी असल्यासारखे. मी "आबा, राहू द्या" म्हणालो, ते थांबले नाहीत. बायांपैकी थोरली त्यांच्याकडं बघत होती. तिनं घमेलं ठेवलं आणि तीही हातानं उचलायला लागली. मग दुसरीही. मीही बसलो. दीड तास लागला. तळ लागला तेव्हा लोखंडी मंच दिसला, त्यावर थोडी माती. आबांनी ती हातानं झाडली.

दुसऱ्या भिंतीची मजुरी सहा दिवसांची, पाच हजार चारशे. व्हाउचर आबांच्या नावानं निघालं, त्यांनी सही केली, कॅशियरनं पैसे मोजून दिले. ते घेऊन आबा फाटकापर्यंत चालत गेले. तिथं त्या दोघी टेम्पोची वाट बघत होत्या. त्यांची दिवसाची चारशेची मजुरी ठेकेदाराकडून मिळालेली होती. आबांनी थोरलीला दोन हजार सातशे दिले आणि दुसरीला दोन हजार सातशे.