आत या म्हटल्याशिवाय

पोंभुर्ण्याच्या आमच्या वाचनालयात पुस्तकांना वाळवी लागते, किश्श्यांना लागत नाही. त्यामुळे पुस्तकं दरवर्षी कमी होतात आणि किस्से वाढतात. कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडून मी चंद्रपूरहून परत आलो आणि घरातले टोमणे चुकवायला दिवसभर तिथेच बसू लागलो. म्हणून बरेच किस्से माझ्या डोळ्यांदेखतचे. त्यातले हे एकाच पुस्तकाचे.

*

ते ग्रँटच्या गठ्ठ्यात आलं. वर सेंद्रिय शेती, खाली संतचरित्रं आणि मधे हे जाडजूड भाषांतर. व्हॅम्पायरची प्रेमकथा, सोळा वर्षांच्या पोरींसाठी! कव्हरवर पावडर थापल्यासारखा पोरगा आणि कंदील धरलेली पोरगी. मी ग्रंथपाल छायाताईला म्हटलं, "रक्त पिणाऱ्याची लव्हस्टोरी? आपल्याइथी मच्छर कमी पडले का?"

ताईने मान वर केली नाही. "कॉलेज न वाचताच सोडलं. हे वाचून सोड."

लागलं. पुस्तक घेतलं, पण फक्त टर उडवायला.

*

तीस पानं मनसोक्त हसलो. हिरो तेओ एकशे दहा वर्षांचा, दिसतो अठराचा, कुठल्याशा थंड बंदरावर होड्या दुरुस्त करतो. हिरोईन नीना त्याच्याकडे पाहते आणि दर पानाला तिचा श्वास अडकतो. मी म्हटलं, हिला दमा आहे, हिला दवाखान्यात न्या.

मग एकतिसावं पान आलं. तेओ नीनाच्या दारात, बर्फात उभा. व्हॅम्पायरला घरातल्या माणसाने 'आत या' म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडता येत नाही. तो रागावत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो, पुन्हा उभा राहतो.

इथे माझं हसणं थांबलं. आमच्या वाचनालयाचे अध्यक्ष म्हणजे रिटायर हेडमास्तर, सगळ्या गावाचे गुरुजी. ते कोणाच्याही घरात सरळ चुलीपर्यंत जातात. आमच्याकडे येतात, आईच्या गंजावरचं झाकण उचलून भाजी पाहतात आणि मग माझ्याकडे वळतात, "काऊन बे नापास, उठला का?" मी नापास झालो नव्हतो, मी सोडलं होतं. हा फरक त्यांच्या डोक्यात कधी शिरला नाही. आणि इथे शंभरी ओलांडलेला एक माणूस दारात थांबून परवानगी मागत होता. असा म्हातारा मी जन्मात पहिल्यांदा पाहत होतो.

त्या दिवशी जेवायलाही घरी गेलो नाही.

*

माझं अर्धंच झालं होतं, तरी मी सांगितलं म्हणून चौघांनी मागितलं, मग रांगच लागली. जाड पुस्तकाला मागणी आली की छायाताई दाभणाने त्याचे तीन भाग शिवते, वर जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा लावते. म्हणजे तिघं एकदम वाचतात.

फॉरेस्ट गार्ड मडावीभाऊंच्या वाट्याला दुसरा भाग आधी आला. दोन दिवसांनी त्यांनी तो टेबलावर ठेवला. "मानेवर दोनच खड्डे? मी बिबट्याचे पंचनामे केले हायेत. सुळे वरचे दोन, खालचे दोन, चार खुना पडते. ही केस मी पास नाई करत."

मग परत घेऊ का, असं ताईने विचारलं. भाऊंनी भाग उचलून पुन्हा पिशवीत टाकला.

"राहू द्या. तपास चालू हाय."

*

पेपरच्या टेबलावरच्या म्हाताऱ्यांनी पुस्तक न उघडताच मत दिलं. ऊन लागलं की व्हॅम्पायर जळतो, हे ऐकून किसनभाऊ म्हणाले, "त्यात काय नवल? मे महिन्यात आपन बी जळतोच. आपन कोनाचं रक्त पेलो?"

किसनभाऊंचं राशनचं दुकान होतं. टेबलावर सगळे एकदम पेपर वाचू लागले.

*

मग गुरुजींच्या नातीच्या दप्तरात तिसरा भाग सापडला. तो सगळ्यात आधी तिच्याच वाट्याला आला होता आणि तिने उघडलाही नव्हता. गुरुजी तो घेऊन कमिटीच्या सभेत आले. पोरी बिघडून राह्यल्या, म्हणाले. तुम्ही वाचलं का, असं छायाताईने विचारलं.

"वाचाले काय लागते? गठ्ठा आला तवाच कव्हर पाह्यलं ना."

नोकरीभर त्यांनी पोरंही तशीच तपासली. तिसरा भाग चुलीत घालतो, असं सांगून ते घरी घेऊन गेले. बाकीचे दोन कुठे आहेत म्हटल्यावर ताई पंख्याकडे पाहत बसली. ते माझ्या घरी गादीखाली होते.

पण दुसरा भाग संपतो कुठे? पहाट होतेय. तेओ दारात उभा. थोड्या वेळात ऊन येणार आणि तो जळणार. नीनाचा हात कडीवर. ती 'आत ये' म्हणते की नाही, हे तिसऱ्या भागात! सगळं वाचनालय त्या कडीला लटकून राहिलं. मडावीभाऊंनी मला भर चौकात गाडी थांबवून विचारलं, "उघडलं का बे तिनं?" मी रोज रात्री तिच्याकडून उघडून घ्यायचो, सकाळी पुन्हा बंद.

*

आठ दिवसांनी, दुपारी दोन वाजता, घरी मी एकटाच होतो. दार सताड उघडं. अंगणात चपला वाजल्या आणि उंबऱ्याशी थांबल्या.

गुरुजी. डोक्याला दुपट्टा, काखेत पिशवी, पिशवीतून कॅलेंडरचा पुठ्ठा बाहेर आलेला. वीस वर्षांत हा माणूस आमच्या उंबऱ्यावर कधी थांबला नव्हता.

काय काम काढलं, मी बसल्या जागेवरून विचारलं.

"पह्यले दोन तुयापाशी हायेत म्हने."

"हायेत."

तरी ते आत आले नाहीत. मीही उठलो नाही. त्यांनी एक पाय उचलला, उंबऱ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली ठेवला. कानशिलावरून घाम गळत होता.

"आत या म्हन ना बे," गुरुजी म्हणाले. "ऊन लागून राह्यलं."