अठ्ठेचाळीस स्वच्छ नमुने

नाव : डॉ. अरुणा अभिनंदन मगदूम. वय : त्रेचाळीस पूर्ण. राहणार : कोल्हापूर शहर; मूळ गाव रुकडी. पद : सहायक प्राध्यापक, रेणवीय जीवशास्त्र. संशोधनाचा विषय : कर्करोग व कर्करोगकारक विषाणू. बांधा : मध्यम. ओळखीची खूण : उजव्या अंगठ्यावर पिपेट दाबून दाबून पडलेला घट्टा. चालू प्रकल्प : एक. प्रकाशित निष्कर्ष : विचाराधीन. सवयी : सदर व्यक्ती एका जागी दहा मिनिटांपेक्षा अधिक काळ बसत नाही, बसलेली आढळल्यास विभागास तात्काळ कळविण्यात यावे.

शेवटची ओळ त्यांच्या सेवापुस्तिकेत नाही, पण असायला हरकत नव्हती. यंत्र चालू असलं की त्या व्हरांड्यात फेऱ्या मारतात. सूर्यास्ताआधी जेवण्याचा घरचा नियम त्यांनी प्रयोगशाळेतही मोडलेला नाही; साडेपाचला डबा उघडतात आणि चालता चालता खातात. विद्यार्थ्यांना शंका विचारायची असेल तर तेही बरोबर चालतात. सगळे त्यांना मॅडम म्हणतात. सासरेही म्हणतात, थोडं कौतुकानं आणि थोडं चेष्टेनं.

मॅडमचे वडील जिनपाल रुकडीचे जैन शेतकरी, मुंग्यांची रांग दिसली तर पाऊल वरच्या वर धरणारे. मुलगी विषाणूंवर काम करते हे कळल्यावर त्यांनी एकदाच चौकशी केली, की हे विषाणू जिवंत असतात का. मॅडमनी खरं ते सांगितलं : शास्त्रज्ञांचं त्यावर अजून एकमत झालेलं नाही.

“मग ठरंपतोर मारू नगंस,” जिनपाल म्हणाले आणि विषय संपला. प्रयोगशाळेतल्या पेशींना वाढवायला वासराच्या रक्तातलं सीरम घालतात, हे मॅडमनी घरी कधी सांगितलं नाही. घरच्यांनीही कधी विचारलं नाही. सुशिक्षित घर आहे.

पुण्यात त्यांनी सहा वर्षं एकच प्रथिन बघितलं. बायकांच्या गर्भाशयाच्या तोंडाशी होणारा कर्करोग बहुतेक वेळा एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. या विषाणूचं एक प्रथिन पेशीच्या रखवालदाराला गाठतं आणि त्याला मोडीत काढायला लावतं. रखवालदार गेला की पेशी वाटेल तशी वाढते. विषाणूला यात कर्करोग करायचा नसतो. त्याला फक्त स्वतःच्या प्रती काढायच्या असतात. कर्करोग ही त्याची गैरसोय आहे. हे वाक्य मॅडमनी प्रबंधात घातलं होतं, मार्गदर्शकांनी काढलं.

पुण्यानंतर कोल्हापूर. अभिनंदन मगदूम यांची शिरोलीत फाउंड्री आहे, पंपाची कास्टिंग्ज बनतात. बघायला आले तेव्हा त्यांनी, तुम्ही नक्की काय करता, असं विचारलं आणि मॅडमनी ते चाळीस मिनिटं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मागच्या वर्षीची त्यांची रिजेक्शनची, म्हणजे बाद मालाची, टक्केवारी सांगितली. लग्न ठरलं.

शहरातल्या ज्या महाविद्यालयात मॅडम शिकवतात, तिथं पहिली दहा वर्षं त्या विषाणूचा फळ्यापलीकडं काही संबंध आला नाही. मग दोन वर्षांचा एक प्रकल्प मंजूर झाला. चंदगड तालुक्यातली सहा गावं, तीस ते पन्नास वयाच्या बायका. बाईनं डॉक्टरकडं जायचं नाही, कुणासमोर झोपायचं नाही. घरात दार लावून एक मऊ ब्रश स्वतःच फिरवायचा, नळीत घालून टोपण लावायचं आणि गावच्या आशाताईंकडं द्यायचं. नळ्या एसटीच्या पार्सलनं कोल्हापूरला. इथं यंत्र त्यात विषाणूचं जनुक शोधणार. विषाणू सापडला तर पुढची तपासणी, आणि कर्करोग व्हायच्या आधीच उपचार. त्या वेळेला उपचार किरकोळ असतो. दहा वर्षांनी नसतो.

पाच गावांत शंभरातल्या सात-आठ बायकांकडं विषाणू सापडला. सहाव्या गावातून अठ्ठेचाळीस नमुने आले. एकातही नाही.

गावाचं नाव इथं देत नाही. त्याला एकदा चुकीची प्रसिद्धी मिळता मिळता राहिली आहे, तेवढी पुरे. विभागप्रमुख धैर्यशील सरांनी त्या आठवड्यातच बातमीचा मजकूर तयार केला : कर्करोगाच्या विषाणूपासून मुक्त असलेलं गाव, भाताच्या आहाराची शक्यता, सरपंचांचा सत्कार. मॅडमनी अठ्ठेचाळीस पत्रांवर सह्या केल्या. आपल्या नमुन्यात विषाणू आढळला नाही. पत्रं गेली.

व्हरांड्यातल्या फेऱ्या मात्र वाढल्या. मॅडम एका लग्नाच्या पंगतीतून उठल्या आणि गाड्यांच्या रांगेतून हिंडत राहिल्या. नवरीच्या आईला वाटलं काही कमीजास्त झालं. घरी त्यांनी अभिनंदनना सांगितलं, की एका गावात शून्य आलंय आणि सगळे खूश आहेत.

अभिनंदन पोहे खात होते. “आमच्यात शून्य रिजेक्शन आलं की मी माल बघत न्हाई,” ते म्हणाले. “तपासणाऱ्याला बघतो.”

तपासणाऱ्या मॅडमच होत्या. त्यांनी सहाव्या गावाचे आलेख पुन्हा काढले. प्रत्येक नळीत यंत्र विषाणूबरोबर माणसाचंही एक जनुक शोधतं, नळीत बाईच्या पेशी खरंच आल्यात याची खात्री म्हणून. यंत्र प्रत्येक फेरीत जनुकाच्या प्रती दुप्पट करतं; पेशी पुरेशा असल्या तर ते साधारण पंचविसाव्या फेरीला दिसतं, कमी असल्या तर उशिरा. या गावच्या नळ्यांत ते छत्तीस-सदतिसाव्या फेरीला दिसत होतं. किटच्या पुस्तिकेनुसार अडतीसपर्यंत चालतं. म्हणून यंत्रानं ‘वैध’ म्हटलं आणि मॅडमनी सही केली. वैध होतंच ते. फक्त नळीत बाई जवळजवळ नव्हती.

नळ्या गळल्या नव्हत्या, पार्सल उन्हात राहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मॅडम चंदगडच्या एसटीत बसल्या. आजऱ्यापर्यंत कशाबशा बसल्या, मग उभ्या राहिल्या. कंडक्टरनं जागा दाखवली तर म्हणाल्या, राहू दे. चंदगडहून पुढं वडापची जीप.

गावच्या आशाताई अनुजा त्यांना सगळ्यात जवळच्या घरी घेऊन गेल्या. शालूबाई, वय चव्वेचाळीस, काजूच्या कारखान्यात कामाला. घरात देवांच्या तसबिरींशेजारी मॅडमच्या सहीचं पत्र होतं. चंदगडला जाऊन लॅमिनेशन करून आणलं होतं.

मॅडमनी ते बघितलं आणि नजर काढून घेतली. मग शालूबाईंना म्हणाल्या, की नमुना कसा घेतला ते पहिल्यापासून सांगा, काही गाळू नका. शालूबाईंनी सांगितलं. अंघोळ केली. दार लावलं. पत्रकात पाच वेळा फिरवा म्हटलं होतं, त्यांनी सात वेळा फिरवला. काही राहायला नको.

“मग?”

“मग काय. धुतला.”

मॅडम खाली बसल्या.

“कुणी सांगितलं धुवायला?”

“सांगाय कशाला पायजे?” शालूबाई म्हणाल्या. “तुमची वस्तू. तशीच बरबटलेली परत द्यायची व्हय? शेजारणीची वाटी आणली तर खळबळून देतो की आम्ही. ही तर डॉक्टरीन बाईंची.”

दारात गोळा झालेल्या बायकांनी माना हलवल्या. एकीनं सांगितलं की तिच्या जावेनं तर साबण लावला होता. दुसरी म्हणाली, साबण नको म्हणून मीच तिला बोलले, वास राहतोय. अनुजा जमिनीकडं बघत होत्या. गावात सगळ्यांत आधी नमुना त्यांनीच दिला होता, बाकीच्यांना धीर यावा म्हणून. आणि गरम पाण्यानं कसा धुवायचा तेही त्यांनीच दाखवलं होतं.

सूचनापत्रकात अकरा सूचना होत्या. ब्रश धुवू नये, ही त्यांत नव्हती. पत्रक मॅडमनी लिहिलं होतं.

परत आल्यावर त्यांनी धैर्यशील सरांना सांगितलं, की अठ्ठेचाळीस अहवाल रद्द करावे लागतील आणि नमुने पुन्हा घ्यावे लागतील. सर शांतपणे बोलले. प्रकल्पाला सहा आठवडे उरले होते. आकडे वरच्या कार्यालयात जाऊन बसले होते. पुस्तिकेनुसार निकाल वैध होता, म्हणजे चूक झालेलीच नव्हती. आता झाली म्हटलं तर ती कुणाची, हा प्रश्न येणार. बढतीची फाइल जानेवारीत आहे, याची त्यांनी मॅडमना आठवण करून दिली. शिवाय हे सगळं त्या बायकांना सांगणार कसं?

“उगाच गाव घाबरवताय तुम्ही,” सर म्हणाले.

“गाव निवांत आहे सर,” मॅडम म्हणाल्या. “त्याचीच भीती आहे.”

सरांनी रद्दपत्रावर सही केली नाही, पण कागद अडवलाही नाही. त्यांची कामाची पद्धत तशी आहे. मॅडमनी एकटीच्या सहीनं पत्र काढलं, बारावी सूचना मोठ्या अक्षरात छापली आणि पुढचे तीन रविवार गावात काढले. घरोघर, चालत, कुठंही चहाला न टेकता. बहुतेक बायका कुरकुरत तयार झाल्या. पाचजणी घराबाहेरच आल्या नाहीत. शालूबाईंनी सरळ नाही म्हटलं.

“एकदा चांगलं निघालंय, ते परत कशाला उकरायचं?”

अनुजांनी समजावून बघितलं, की हा नुसता नेम असतोय, सगळ्यांचंच परत घेतलंय. शालूबाई ऐकून घेत होत्या आणि हात पाठीमागं बांधून उभ्या होत्या. मॅडमनी अनुजांना थांबवलं.

“शालूताई, त्या नळीत तुमचं काही नव्हतंच. मी पाणी तपासलं, आणि तुम्ही बऱ्या आहात म्हणून सही केली.”

शालूबाईंनी तसबिरींकडं बघितलं, मग मॅडमकडं.

“म्हंजे चूक तुमची?”

“माझी.”

“मग आणा ब्रश.”

त्रेचाळीस नमुने पुन्हा आले. माणसाचं जनुक या वेळी चोविसाव्या-पंचविसाव्या फेरीला दिसलं. चार नळ्यांत विषाणू होता. त्यांतली एक शालूबाईंची, प्रकार सोळा. गर्भाशयमुखाचे निम्म्याहून अधिक कर्करोग ज्याच्यामुळे होतात तो. अनुजा त्यांना घेऊन कोल्हापूरला आल्या. इस्पितळात दुर्बिणीतून बघितल्यावर गर्भाशयमुखावर बदललेल्या पेशींचा एक पांढरा ठिपका दिसला. कर्करोग नव्हता. व्हायच्या वाटेवर होता. डॉक्टरीण म्हणाल्या, जास्त पसरलेलं नाही, आत्ताच जाळून टाकता येईल. शालूबाईंनी विचारलं, दुखतं का. थोडं, असं उत्तर आलं. मॅडम बाहेरच्या व्हरांड्यात होत्या. तिथल्या सुरक्षारक्षकानं त्यांना, पावणं, जरा बसा की, असं दोनदा सांगितलं.

प्रकल्पाची मुदत वाढली नाही. वार्षिक अहवालात नोंद आहे ती अशी : गाव क्रमांक सहा, नमुना संकलनात त्रुटी आढळल्याने सर्व माहिती बाद ठरविण्यात आली. प्रकाशने : शून्य. बढतीबाबत शिफारस : पुढील वर्षी विचार व्हावा. सदर गावातील कामाची निष्पत्ती : निरंक.

शालूबाईंवरचा उपचार वीस मिनिटं चालला. दुपारी दोनच्या गाडीनं त्या घरी गेल्या.