पूजेतला रिमोट

चावीच्या जुडग्यातलं बटन दाबून कुणी मोटार उघडली, की मला एक दसरा हटकून आठवतो. नोकरीतले बरेच गुन्हे विसरलो, हा विसरू म्हटलं तरी विसरला जात नाही.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. आदिलाबाद जिल्ह्यातल्या हमरस्त्यावरच्या एका ठाण्यात मी सब-इन्स्पेक्टर होतो. किती साधे दिवस होते ते! सकाळी हजेरी, मग रोजनामचा, मग चहा. कागद तेलुगूत, दटावणी हिंदीत आणि घरची गोष्ट निघाली की सगळे मराठीत. आमचे हवालदार वयानं मोठे, देवभोळे. दसऱ्याला ठाण्यातल्या बंदुका धुऊनपुसून, हळद-कुंकू लावून ते स्वतः पूजेला मांडायचे. त्या दिवशी मला जेवायला त्यांच्याच घरून डबा यायचा.

हद्दीत एका व्यापाऱ्याचं बियाण्याचं गोदाम होतं. अख्ख्या आवाराला त्यानं करंटच्या तारांचं कुंपण घातलं होतं. तेव्हा आमच्याकडे ते नवलच होतं. कुंपणाचा डबा गोदामाच्या भिंतीवर, त्यावर करंट चालू असेपर्यंत पेटणारा लाल दिवा. चालू-बंद करायला काडेपेटीएवढा रिमोट, चावीच्या कडीत अडकवलेला. एकदा दाबला की बंद, पुन्हा दाबला की चालू. असे रिमोट दोनच होते. एक मालकाच्या खिशात, दुसरा चौकीदाराकडे.

चौकीदार नार्नूरकडचा, तिशीतला, अबोल गडी. नवराबायको आवारातच एका खोलीत राहायचे. गाव त्याला नवखं, पण त्याच्या हाती ही जादूची चावी, म्हणून लोक त्याला मान द्यायचे. पोरंसोरं सोडा, म्हातारीकोतारी माणसंसुद्धा 'एकदा दाबून दाखव ना' म्हणून गळ घालायची.

दसऱ्याच्या दुपारी दोघं फाटकाला कुलूप लावून गावात सोनं वाटायला गेली. दिवेलागणीच्या आत परतली तर मागच्या तारा तोडलेल्या, गोदामात विकायला ठेवलेल्या पाण्याच्या तीन मोटारी गायब आणि डब्यावरचा लाल दिवा विझलेला. चौकीदार धावतच ठाण्यात आला. मागोमाग मालक आला. तो दिवसभर आदिलाबादला, सासुरवाडीत होता. पंधरा माणसांनी त्याला तिथे पाहिलेलं.

मी हिशेब केला तो असा. चालू तार तोडायची कुणाची छाती नाही, म्हणजे कुंपण आधी बंद झालं. डबा कुलपात, त्याची किल्ली मालकाकडे. मालक गावात नाही. मग उरलं कोण?

"कोणासाठी दाबलंस बटन?" मी चौकीदाराला विचारलं.

"मी नाही दाबलं साहेब. सकाळी कुंपण चालू केलं अन् रिमोट पूजेत ठेवला. पूजेतल्या वस्तूला कोन हात लावते?"

मला वाटलं, बेटा देवाच्या आड लपतोय. मी त्याच्या कानाखाली एक ठेवून दिली. तो गाल चोळत उभा राहिला. ती चापट आठवली की आजही माझी मलाच लाज वाटते.

त्याला ठाण्यात बसवून ठेवलं. 'बसवून ठेवणं' हा शब्द कायद्याच्या कोणत्याही पुस्तकात नाही, पण प्रत्येक ठाण्यात होता. रिमोट जप्त करायला हवालदारांना पाठवलं, तर ते हात हलवत परत आले.

"त्याची बायको उचलू देत नाही साहेब. म्हणते, पूजा आमच्या ह्यांनी मांडली, तेच येऊन उचलतील. अन् खरं सांगू का, दसऱ्याची पूजा उचलायचं माझ्याच्यानंही झालं नाही. आपल्या बंदुका तरी आपण कुठं उचलल्या आज?"

मी चिडलो, पण पूजेतल्या बंदुकांकडे पाहून निवळलो. राहू दे म्हटलं, रिमोट कुठं पळून जातो?

दुसऱ्या दिवशी सकाळीच इचोड्याच्या एका धाबेवाल्यानं खबर आणली. आदल्या संध्याकाळी कडब्यानं भरलेला एक टेम्पो त्याच्या धाब्यावर चहाला थांबला होता.

"मंग त्यात काय झालं?" हवालदार म्हणाले.

"अहो, दसऱ्याला कडबा कोन भरते? जुना तं पोळ्यालाच संपला, नवी जवारी अजून उभी हाये. ह्यायनं आनला कुठून? अन् खाली काही तरी जड होतं, टेम्पो मागून बसला होता."

माणूस कडब्यावरून चोर ओळखतो, हे मला पोलीस ट्रेनिंगमध्ये कुणी शिकवलं नव्हतं. दुपारपर्यंत नेरडीगोंड्याच्या पुढे एका भंगारवाल्याकडे टेम्पो सापडला. दोघं परगावचे चोर, तिन्ही मोटारींसकट.

त्यांना वेगवेगळं बसवून विचारलं. चौकीदाराला किती दिले, हा माझा पहिला प्रश्न. एक म्हणाला, "साब, कौन चौकीदार? हम तो बाहर से देख रहे थे. एक बकरी तार को घिसके खुजा रही थी, उसको कुछ नहीं हुआ. तब समझे, करंट बंद है." दुसऱ्यानं, न विचारता, तीच बकरी सांगितली. अगदी तिच्या तुटक्या शिंगासकट. ठरवून खोटं बोलणारे बकरीचं शिंग ठरवत नाहीत. पण मग कुंपण बंद केलं कुणी? मी अजूनही चौकीदाराला सोडायला तयार नव्हतो. सकाळी तिघांनाही कोर्टात उभं करायचं ठरवलं. एकदा चोरीच्या केसमध्ये नाव गेलं की त्याला कुंपणाच्या आत कोण ठेवणार होतं? कामही गेलं असतं आणि राहती खोलीही.

कागद पुरे करायचे म्हणून सकाळी दोन पंच घेऊन मी स्वतः रिमोट जप्त करायला गेलो. खोलीत पाटावर पूजा तशीच होती. झेंडू सुकलेला. विळा, कुऱ्हाड, टॉर्च, एक जुनं कुलूप, सगळ्यांना कुंकू. आणि मध्ये एक जाडजूड कोयता, त्यावर नारळ. रिमोट कुठं दिसेना.

"रिमोट कुठाय?" मी दरडावून विचारलं.

"कोयत्याखाली हाये साहेब," त्याची बायको म्हणाली. "यवढीशी वस्तू, घरंगळून जाईन म्हनून ह्यायनं दाबून ठेवली."

मी खाली बसलो. कोयत्याची मूठ बरोब्बर बटनावर टेकलेली होती. हवालदारांना डब्यापाशी उभं केलं. कोयता अलगद उचलून रिमोट दाबला. हवालदार ओरडले, "दिवा लागला!" मग तसाच कोयता ठेवला आणि वर नारळ ठेवला. "गेला साहेब!" पंचांसमोर चार वेळा केलं. तीनदा दिवा गेला.

चौकीदारानं कुंपण चालू केलं होतं, ते खरंच. मग देवापुढे ठेवताना त्याच्याच कोयत्यानं ते बंद केलं. दोन दिवसांत मी त्याला 'कोणासाठी दाबलंस' हे वीस वेळा विचारलं. 'ठेवला कसा होतास' हे एकदाही विचारलं नाही. आणि ती बाई अडून बसली नसती, तर माझ्याच माणसांनी पुरावा उचलून पिशवीत टाकला असता अन् एक निर्दोष माणूस तुरुंगात गेला असता.

दुपारी त्याला जीपमध्ये माझ्या शेजारी बसवून घरी आणलं. बायको दारातच उभी होती. माफी मागायची आम्हा पोलिसांना सवय नसते. तरी घसा खाकरून म्हणालो, "बाई, तुमच्या नवऱ्याचा काही दोष नाही. चूक माझी झाली."

ती म्हणाली, "हे मले काऊन सांगून राह्यले साहेब? मले तं ठाऊकच होतं. गावाले सांगा."

चौकीदाराला पुन्हा जीपमध्ये घेऊन मी तसाच उलटा फिरलो. बाजाराचा दिवस होता, पाराजवळ गर्दी होती. वर्दीत, टोपी हातात घेऊन मी पारावर चढलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की हा माणूस चोर नाही, मी त्याला विनाकारण मारलं. मग एक भाजीवाली उठली, तिनं चौकीदाराला हात धरून आपल्या पोत्यावर बसवलं आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. तेव्हा कुठे तो रडला.