मुलुंडच्या नंदकिशोरला खुपणारी खरखर

मुलुंडच्या नंदकिशोरला खरखरीचा एवढा राग, की त्याच्या स्टुडिओत पंख्यालासुद्धा अपराध्यासारखं गप्प बसावं लागे. गायक घामाने निथळत. आवाज तेवढा कोरडा ठणठणीत निघे. लोक त्याला आवाजाचा धोबी म्हणत. त्याला ते कौतुक वाटे.

त्याची आत्या सोनूबाई गौरीची गाणी गाई. त्यांच्या कोकणातल्या घरची रीत अशी, की तिचा शेवटचा सूर हवेत पुरता विरला, की मगच बायकांनी फुगडीला हात धरायचे. यंदा दम्याने तिचा श्वास पुरेना. म्हणून तिचं जुनं ध्वनिमुद्रण मुलुंडच्या सोसायटीतल्या गौरीपुढे वाजवायचं ठरलं.

ते होतं चोवीस बिटांचं. सोसायटीच्या यंत्राला सोळाच चालत. बिट कमी, तेवढ्या आवाजाच्या पायऱ्या मोठ्या; म्हणजे बारीक पायऱ्यांचा जिना मोडून उंच पायऱ्यांचा करायचा. मग दोन पायऱ्यांमधला नाजूक सूर उभा कुठे राहणार? त्यासाठी आधी आवाजात हलकी सळसळ मिसळतात. तिला डिदर म्हणतात. चाळण हलवली की अडलेलं पीठ खाली उतरतं, तसा त्या सळसळीने सूर उतरतो.

नंदकिशोरची भागीदार शीतल संगणकावर डिदर निवडत होती.

“काढ ते!” नंदकिशोर ओरडला. “जन्मभर खरखर काढली, आता हाताने घालू?”

“अरे, शेवटचा सूर तुटेल ना.”

“तुझ्या कानाची वाट लागलीय, यार.”

गौरीच्या दुपारी गाणं लागलं. शेवटचा सूर बारीक होत गेला, मग किरकिरला, त्याचे तुकडे झाले आणि तो कापल्यासारखा मेला. निम्म्या बायकांनी हात धरले, निम्म्या बसूनच राहिल्या.

“नंद्या मेल्या, माझो आवाज उंदरान खाल्ल्यान काय रे?” सोनूबाई म्हणाली. सगळे हसले. तिने तोंड भिंतीकडे फिरवलं.

नंदकिशोर घाम पुसत स्टुडिओत आला. मूळ ध्वनिमुद्रण शाबूत होतं.

“घालू डिदर?” शीतलने विचारलं.

“घाल. आणि दात काढू नकोस.”

संध्याकाळी गाणं पुन्हा लागलं. भाताच्या पात्यांतून वारा जावा तशी मागे सळसळ. तिच्या अंगावरून सूर सावकाश चालत गेला आणि दिसेनासा झाला. मगच बायकांनी हात धरले.

“वाईच खरखरता,” सोनूबाई म्हणाली, “पण माझोच आवाज.”

“मुद्दाम घातलीय, आत्ये,” नंदकिशोर छाती काढून म्हणाला. “सगळ्यांना नाही जमत.”

शीतलला जोराचा खोकला आला.