जोनची हरकत

जोनने हरकत घेतली तेव्हा या मंडळीवरचा माझा विश्वासच डळमळला. पाळक होण्यासाठी लागणारं सगळं मी केलं होतं: बायबलचा अभ्यास, ज्येष्ठ पाळकांच्या हाताखाली उमेदवारी, मेनोनाइट मंडळ्यांच्या समितीपुढे मुलाखत. उरली होती ती सिडनीजवळच्या पॅरामाटातल्या आमच्या छोट्या मंडळीची संमती. आमच्यात बिशप वरून पाळक नेमत नाही, मतदानही होत नाही. सगळे प्रार्थनेत एकत्र ठरवतात, आणि एकाचीही मनापासून हरकत असली तर थांबतात. ऐंशी ओलांडलेली जोन शांतपणे म्हणाली, "पवित्र गुरुवारी आपण, येशूने शिष्यांचे धुतले तसे, एकमेकांचे पाय धुतो. ही दर वर्षी पाणी तापवते, टॉवेल वाटते, पण स्वतःचे पाय कुणाला धुऊ देत नाही. अशा पाळकाला आमची दुःखं कशी सांगायची?"

मी वसईची. बाबांनी आणलेली युद्धाविरुद्धची, अन्यायाविरुद्धची पत्रकं वाचत वाढले. शस्त्र न धरणारे ख्रिस्ती म्हणूनच या लोकांत आले. एकटीच्या हरकतीसाठी सगळ्यांनी थांबावं, हा मला धडधडीत अन्याय वाटला. हॅरिस पार्कला चहा पिताना गावचा मित्र सॅव्हियो म्हणाला, "आपल्या कॅथलिक चर्चमध्ये राहिली असतीस तर बाई म्हणून दारातच अडवलं असतं. इथे निदान एका म्हातारीने अडवलंय. प्रगती आहे." मी हसले नाही. देवाशीही भांडत राहिले.

पवित्र गुरुवारी वृद्धाश्रमातली शिफ्ट संपवून मंडळीच्या हॉलवर पोचले तेव्हा पाय सुजले होते. तरीही सवयीने किटलीकडे गेले. किटली बंद पडली होती. तापवायला पाणी नाही, म्हणजे माझ्या हाताला कामच उरलं नाही. मागून जोन आली. "गार पाण्यानेही पाय धुता येतात, लव्ह. बस तू." खुर्चीचा आधार घेत ती खाली बसली आणि माझ्या भेगाळलेल्या टाचा तिने ओंजळीत धरल्या. "दुखतात का?" येईल त्याला 'नो वरीज' म्हणणारी मी, त्या दिवशी "हो, फार" म्हणाले. मग आई वसईत आजारी आहे, मला भीती वाटते, हे कुणालाच न सांगितलेलं सगळं त्या गार पाण्यात पाय ठेवून सांगून टाकलं. जोन ऐकत राहिली, एकेक बोट पुसत.

पुढच्या सभेत कुणाची हरकत आहे का, असं विचारल्यावर सगळ्यांनी जोनकडे पाहिलं. "माझी नाही," ती म्हणाली, "पण पुढच्या वर्षीही हिला बसवा."

दीक्षेच्या दिवशी मी गुडघे टेकले आणि सगळ्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवले. त्यात जोनचा थरथरता हात मला ओळखू आला. त्या हरकतीबद्दल मी आजही प्रभूचे आभार मानते. त्याच्यासाठी धावणं मला येत होतं. त्याच्या हाती स्वतःला सोपवणं तिने शिकवलं. किटली नेमकी त्याच दिवशी का बिघडली, हे मी कुणाला विचारलं नाही. हॉलसाठी नवी घ्यायची का, यावर मंडळीचं अजून एकमत झालेलं नाही. हरकत माझी आहे.