बुलेटकाकांचा खांदा

बुलेटकाका शेजारी जेवायला बसले की तुमच्या कागदी ताटलीच्या कडेला रायफलची एक गोळी येऊन बसायची. उडवलेली, पुढून फुलून चपटी झालेली, शर्टाच्या खिशातून निघालेली. "धुतलेली आहे," असं ते स्वतःहून सांगायचे, म्हणजे आपण निर्धास्तपणे पुरी खावी. मग विचारायचे, "काय दिसतंय?" आपण काहीही उत्तर दिलं तरी ते चूकच असायचं. ॲन आर्बरच्या मराठी मंडळात नवीन आलेलं एखादं जोडपं पहिल्याच गणपतीला त्यांच्या तावडीत सापडलं की आम्ही जुनी मंडळी लांबून मजा बघत बसायचो. आमचंही कधीतरी असंच झालेलं होतं.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. काका मूळचे साताऱ्याचे. धातुशास्त्र शिकून मिशिगनला आलेले आणि गाड्यांचे सुटे भाग ओतणाऱ्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये मोठ्या हुद्द्यावर असलेले. मी त्याच लॅबमध्ये नोकरीला लागले, कारण माझा नवरा युनिव्हर्सिटीत पीएच.डी. करत होता आणि ती काही संपायचं नाव घेत नव्हती. काकांचं खरं नाव कारखान्यात कुणाला उच्चारता येत नसे आणि मंडळात कुणी उच्चारत नसे. बुलेटकाका हे नाव इथेच जन्मलेल्या पोरांनी ठेवलं. पोरं आधी 'बुलेट अंकल' म्हणायची, तर अंकल नको, काका म्हणा, असं त्यांनी बजावलं. बुलेटबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती.

नोव्हेंबरात हरणांचा सीझन उघडला की कारखान्यातली अर्धी माणसं एकाच दिवशी आजारी पडायची, आणि त्याआधी महिनाभर काकांच्या टेबलाशी एकेक जण घुटमळायला लागायचा. "नवीन रायफल घेतली आहे, कुठली गोळी वापरू?" काका चष्मा कपाळावर चढवून विचारायचे, "जनावर कुठलं?" तो पुन्हा रायफलचं कौतुक सांगायला लागला की काका म्हणायचे, "रायफलचं काय घेऊन बसलास. आधी जनावर सांग." हरणाचं अंग नाजूक, त्याला मऊ शिशाची, आत शिरताच फुलणारी गोळी. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ, अंगाने म्हशीएवढा. त्याला ती मऊ गोळी मारली तर जाड हाडावर फुटून जाते आणि जनावर जखम घेऊन पळतं. टणक गोळी हरणाला मारली तर विणायच्या सुईसारखी आरपार जाते, आणि तेही पळतं. "आणि पळालेलं जनावर कुठेतरी झुडपात मरत पडतं. आपण घरी येऊन जेवतो," एवढं म्हणताना त्यांचा आवाज खाली यायचा. हा प्रश्न त्यांच्या तोंडात इतका बसला होता, की माझ्या नवऱ्याने जुनी गाडी कुठली घेऊ म्हणून विचारलं तेव्हासुद्धा ते म्हणाले, "जनावर कुठलं?" म्हणजे चालवणार कोण. चालवणार मी होते.

गोळ्यांची परीक्षा घ्यायची त्यांची पद्धत अशी: वर्षभर लोकांकडून जुन्या टेलिफोन डिरेक्टऱ्या गोळा करायच्या, रात्रभर पाण्यात भिजवायच्या, आणि रविवारी गावाबाहेरच्या खडीच्या खाणीत, जिथे नेमबाजीला परवानगी होती तिथे, एकामागे एक रचून त्यांच्यावर गोळी झाडायची. मग ओला लगदा उकरून गोळी शोधायची. किती पानं खाल्ली, किती फुलली, वजन किती उरलं. कॉलेजात असताना परेडबरोबर आम्हाला रायफल शिकवली होती आणि माझा नेम बरा होता, म्हणून या रविवारांना काका मला घेऊन जायचे. जनावर मारणं मला जमलं नसतं, टेलिफोन डिरेक्टरीवर माझा काही जीव नव्हता.

काकू पक्क्या शाकाहारी. लग्न ठरतानाच त्यांनी सातारकरांना एक अट घातली होती आणि ती अमेरिकेत आल्यावर आणखी कडक झाली. मांस घरात यायचं नाही. त्यामुळे काकांचा फ्रीझर, शेगडी, कढई, सगळं गॅरेजमध्ये. काका हिवाळ्यात कोट-टोपी घालून गॅरेजमध्ये हरणाचा रस्सा करायचे आणि काकू दार किलकिलं करून नुसत्या वासावरून सांगायच्या, "खोबरं करपलंय." ते करपलेलं असायचंच. त्यांनी जन्मात कधी न चाखलेल्या त्या रश्श्याला मंडळात जी कीर्ती मिळाली ती निम्मी तरी काकूंची होती.

वादात मात्र काका महाचेंगट. हरणं त्यांना माहीत नव्हतं. रात्री अकराला आपण दमून "बरं, तुमचं खरं" म्हणून उठलो तरी त्यांचं समाधान व्हायचं नाही. सकाळी सातला फोन: "काल तुम्ही 'बरं' म्हणालात, पण पटलेलं दिसलं नाही." आणि पहिल्यापासून सुरू. एल्कसाठी गोळी जड हवी, हा त्यांचा सगळ्यात लाडका मुद्दा. गोळीचं वजन ग्रेनमध्ये मोजतात. दोनशेवीस ग्रेनच्या खालची गोळी घेऊन एल्कपुढे उभा राहणारा माणूस त्यांच्या मते लग्नाला रुमाल गुंडाळून जाणारा माणूस होता.

या बाबतीत त्यांना एकच माणूस पहिल्यापासून सामील होता, तो म्हणजे त्यांचा शेजारी वॉल्ट. वॉल्ट म्हातारा, विधुर, उंच, कमी बोलणारा, आयुष्यभर कारखान्यात लेथवर काम केलेला. काका अमेरिकेत आले तेव्हा त्यांनी कधी गलोलसुद्धा हातात धरली नव्हती. त्यांना रायफल धरायला, बर्फात माग काढायला, झाडाखाली तासन्‌तास गप्प बसायला वॉल्टने शिकवलं. काकांना गप्प बसायला शिकवणारा माणूस म्हणून काकूंना त्याचं फार अप्रूप. दोघांनी मिळून वायोमिंगच्या एल्कच्या लायसनसाठी अर्ज करायला सुरुवात केली होती. तिथे लॉटरी असते, आणि ह्यांचा नंबर काही केल्या लागत नव्हता. शेवटी एका उन्हाळ्यात लागला. वॉल्ट तेव्हा सत्तरीच्या पुढे गेला होता. तो म्हणाला, "माझा हा पहिला एल्क, आणि शेवटचा." काकांनी त्याच संध्याकाळी बेसमेंटमध्ये, काकूंच्या पापडांच्या डब्याशेजारी, दोनशेवीस ग्रेनची काडतुसं भरायला घेतली. पितळी नळकांडं, आत पावडर, वर गोळी. बाजारची काडतुसं त्यांना कधीच पसंत पडली नाहीत.

त्या जुलैत खाणीवर मीही होते. वॉल्टचे बार निशाणाच्या भलतीकडेच जायला लागले. वसंतात तो शिडीवरून पडला होता आणि उजवा खांदा दुखावला होता, पण तो म्हणायचा, काही नाही, बरा झालाय. काकांनी मला डोळ्याने खूण केली आणि त्याच्या पुढच्या काडतुसांत एक रिकामं, बिनपावडरीचं घातलं. वॉल्टने नेम धरला, घोडा दाबला. नुसतं 'टक' वाजलं. बार उडालाच नाही, तरी रायफलचं तोंड एकदम खाली गेलं आणि त्याचे डोळे गच्च मिटले होते. म्हणजे दणका बसणार या भीतीने अंग आधीच आक्रसत होतं. असा माणूस एल्कवर गोळी झाडणार, ती पोटात लागणार, आणि जनावर झुडपात मरत पडणार.

"काडतूस खराब," वॉल्ट कसनुसं हसत म्हणाला.

"माझी चूक," काका म्हणाले. "पावडर भरायला विसरलो."

इतक्या वर्षांत 'माझी चूक' हे दोन शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकले नव्हते.

परत येताना गाडीत मी म्हटलं, "काका, त्यांना सरळ सांगा ना, खांद्याला दणका सोसत नाहीये, हलकी गोळी घ्या."

"तू वॉल्टला ओळखत नाहीस. त्याची मुलगी एकदा म्हणाली, डॅड, आता बोट तुला झेपत नाही. दुसऱ्या दिवशी त्याने बोट विकली आणि पुन्हा गळाला हात लावला नाही. ह्याचंही तसंच करेल. लायसन फाडून टाकेल."

"मग?"

"मग काय, मला विचार करू दे," ते म्हणाले, आणि घर येईपर्यंत खरोखरच गप्प बसले.

पुढच्या रविवारी काका उजवा हात पोटाशी धरून आले. खांदा गेलाय म्हणाले. दोनशेवीसचा दणका आता सहन होत नाही, वय झालं, आपण दीडशे ग्रेनची गोळी आणि जरा कमी पावडर वापरणार. गोळी आतून भक्कम बांधणीची, तिच्या पोटात तांब्याची आडवी भिंत आहे, त्यामुळे फुटायची नाही. फक्त फार लांबून मारायचं नाही, जवळ जायचं. "पण वॉल्ट, एक अडचण आहे. दोघांची काडतुसं वेगळी असली आणि जंगलात अदलाबदल झाली तर नेम चुकेल. मला एकट्याला दीडशे घेऊन जायचं धाडस होत नाही." वॉल्टने त्यांच्याकडे बराच वेळ बघितलं. मग खांदे उडवले आणि म्हणाला, "ठीक आहे. तुझ्यासाठी." त्या दिवशी त्याचे पहिले चार बार जरा विखुरले, आणि नंतरचे माझ्या तळहाताखाली झाकले जातील इतके जवळजवळ लागले.

मंडळात ही बातमी पोचायला वेळ लागला नाही. इतकी वर्षं ज्यांना काकांनी सकाळी सातला उठवलं होतं ते सगळे गणपतीत सूड घ्यायला टपलेले. "काका, एल्कसाठी दीडशे? लग्नाला रुमाल गुंडाळून निघालात की." काका म्हणाले, "वय झालं हो." वॉल्टही मोदकांसाठी आलेला होता, समोरच बसला होता. त्यात आमच्यातल्या एका हाडांच्या डॉक्टरांना फारच उत्साह. त्यांनी काकांचा हात धरून वर केला, मागे नेला, गोल फिरवला आणि सगळ्यांदेखत इंग्रजीत जाहीर केलं, "काका, खांदा एकदम फर्स्ट क्लास आहे." काकांनी चेहरा वेडावाकडा केला आणि हळूच मराठीत म्हणाले, "डॉक्टर, दुखतोय म्हणतोय ना मी? मग दुखू द्या." डॉक्टर समजूतदार. त्यांनी पुन्हा हात वर केला आणि म्हणाले, "अच्छा, इथे. हो, इथे आहे काहीतरी." काकू तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात पळाल्या.

ऑक्टोबरात दोघं वॉल्टच्या पिकअपमधून वायोमिंगला गेले आणि एल्क घेऊन परत आले. वॉल्टचा. काकांना संधीच मिळाली नाही म्हणे. वॉल्ट एरवी चार वाक्यं बोलायचा, पण ही गोष्ट त्याने गॅरेजमध्ये उभं राहून आम्हाला तीनदा सांगितली. पहाटे ओढ्याच्या कडेकडेने रांगत जवळ कसे गेले, वारा कसा तोंडावर होता, एकच गोळी, आणि ते धूड दहाएक पावलं चालून खाली बसलं. "आणि तीसुद्धा ह्याच्या नाजूक खांद्यासाठी घेतलेली, पोराटोरांची गोळी," तो काकांच्या पाठीवर थाप मारत म्हणाला. काका रस्सा ढवळत होते. दीडशे ग्रेनने एल्क पडला, म्हणजे त्यांचा जन्मभराचा मुद्दा त्यांच्याच गॅरेजमध्ये खोटा पडला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी फोनची वाट बघितली. आला नाही.

खोटं बोलायचं तर ते निभवावं लागतं. पहिला बर्फ पडला आणि सकाळी काकू बघतात तर वॉल्ट फावडं घेऊन ह्यांच्या दारातला बर्फ काढतोय. ह्याचा खांदा दुखतोय ना, म्हणून. काकांची जी तारांबळ उडाली. ज्याचा खांदा जपायचा तोच माणूस दोन घरांचा बर्फ उपसतोय. दुसऱ्या दिवशी काका त्याच्या आधी उठून बर्फ काढायला गेले तर त्याने फावडं हिसकावून घेतलं आणि रागावून आत पाठवलं. सवलतीची कूपनं कापून दूध आणणाऱ्या काकांनी त्या आठवड्यात बर्फ उडवायचं मशिन विकत घेतलं, आणि 'डॉक्टरांनी सांगितलंय, मशिन एका हाताने चालवा' म्हणत दोन्ही घरांचे रस्ते स्वतः साफ करायला लागले. डाव्या हाताने.

वॉल्ट गेला तो दोन-तीन हिवाळ्यांनंतर, झोपेत. चर्चमध्ये आम्ही तिघं एका बाकावर बसलो होतो, काका, काकू आणि मी. त्याची मुलगी बोलायला उभी राहिली. डॅड कसा कमी बोलायचा, कसा हट्टी होता, हे सांगून झाल्यावर ती म्हणाली, "डॅडचं मन किती मोठं होतं ते एका गोष्टीवरून सांगते. आयुष्यभर वाट बघितलेल्या एल्कच्या शिकारीला जाताना त्याने आपली नेहमीची जड गोळी सोडून दिली. का, तर शेजारच्या मित्राचा खांदा अधू झाला होता. आणि त्या मित्राला त्याने त्याचं ओझं कधी वाटू दिलं नाही." सगळं चर्च वळून काकांकडे बघायला लागलं. कुणाच्या चुकीच्या वाक्यावर पाच मिनिटंसुद्धा गप्प न बसलेला तो माणूस मान खाली घालून हमसाहमशी रडत होता. मी काकूंचा हात धरला.

नंतर लोक एकेक करून भेटायला आले. काकांच्या खांद्याला धक्का लागू नये म्हणून सगळे डावा हात पुढे करत होते. मुलगी आली, तिने त्यांना जपून, एका बाजूने मिठी मारली आणि विचारलं, "आता कसा आहे खांदा?"

"थंडीत दुखतो," काका म्हणाले. "तुझे वडील होते म्हणून निभावलं."